रावजी शिगवण अमेरिकेची चौकशी करतात

रावजी शिगवणांचा कोणावरही विश्वास नाही, आणि हे त्यांना तोंडावर सांगितलं तर ते विचारतील, "तुला कोणी सांगितलं?"

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून काढली. शिफ्ट सुटली की कामगारांची रांग गेटाशी येते आणि रावजी प्रत्येकाला हात वर करायला लावतात, खिसे चाचपतात आणि डबा उघडून बघतात. डबा रिकामा असला तर "सगळं संपवलंस? एवढी भूक कशानं लागली?" आणि भाजी उरलेली असली तर "का नाय संपवलीस?" एकदा कंपनीच्या मोठ्या साहेबांची गाडी बाहेर पडत असताना त्यांनी डिकी उघडायला लावली. डिकीत कलिंगडं होती. रावजींनी ती एकेक करून वाजवून पाहिली. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. साहेबांनी रावजींना सुपरवायझर केलं. त्या दिवसापासून त्यांचा एका गोष्टीवर मात्र गाढ विश्वास बसला, तो म्हणजे स्वतःच्या संशयावर.

घरी आल्यावरही ड्युटी संपत नसे. कोळणीने सुरमई स्वस्त लावली तर रावजी त्या सुरमईच्या डोळ्यांत बघत उभे राहत. शेजाऱ्याने आपण होऊन फणस आणून दिला तर फणस कापण्याआधी मागच्या परड्यात जाऊन हद्दीचा बांध जागेवर आहे का ते बघून येत. त्यांची बायको सावित्रीबाई लग्नानंतर पहिल्यांदा मनापासून हसल्या, तेव्हा "काय झालं?" या प्रश्नाची अशी उलटतपासणी झाली, की तेव्हापासून त्या हसायचं असलं की स्वयंपाकघरात जातात.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीला अमेरिकेहून बोलावणं आलं.

मुलीचं नाव राही. रत्नागिरीत राहून तिने रसायनशास्त्रात एमएस्सी केलं. बाप ज्या कारखान्याच्या दारात उभा राहिला, त्या कारखान्याच्या आत नक्की काय शिजतं हे लहानपणी तिने विचारलं होतं आणि रावजी म्हणाले होते, "ते आपल्याला नाय सांगत." तिथूनच बहुधा तिने रसायनांचा पिच्छा धरला. आता तिला पुढे संशोधन करायचं होतं, आणि तिच्या सरांनी सांगितलं होतं, अमेरिकेत अर्ज कर.

अर्ज करणं म्हणजे टपालाचं तिकीट लावून मोकळं होणं नव्हे, हे रावजींना हळूहळू कळत गेलं आणि प्रत्येक पायरीला त्यांच्या भुवया वर चढत गेल्या. आधी राहीला स्वतःबद्दल दोन पानं लिहायला सांगितली होती. कोण आहेस, का शिकायचंय, पुढे काय करणार.

"एवढं तर पोलीस पण विचारत नाय," रावजी म्हणाले. "तू खरं लिहिलंस?"

"मग काय खोटं लिहू, बाबा?"

"सगळं खरं लिहायची काय गरज होती?"

मग तिच्याबद्दल तीन शिक्षकांनी पत्रं पाठवायची होती, आणि ती पत्रं बघायचा हक्क आपण सोडतो, अशा चौकोनात राहीने खूण करायची होती. रावजींनी दोनदा वाचून घेतलं. "म्हणजे आपल्याबद्दल काय लिहिलंय ते आपणच बघायचं नाय? आणि तू सही दिलीस?"

"सही नाही, नुसती टिक केली."

"गो, टिक म्हणजे सहीच ती!"

कळस झाला तो इंग्रजीच्या परीक्षेच्या दिवशी. परीक्षा घरीच, लॅपटॉपवर. कुठल्या देशात बसलेला कोण जाणे, एक परीक्षक कॅमेऱ्यातून म्हणाला, खोली दाखव. राहीने चारी भिंती दाखवल्या. म्हणाला, टेबलाखाली दाखव. मग म्हणाला, खाटेखाली काय आहे? खाटेखाली नारळ होते. त्याने एकेक नारळ बाजूला सारायला लावला. रावजी दाराबाहेर कान लावून होते. त्या माणसाची पद्धत त्यांना मनातून आवडली होती. पण संध्याकाळी त्यांनी मागच्या दाराला दुसरी कडी बसवली. "आज घर बघून गेला," ते म्हणाले. "उद्या येईल."

मार्च महिन्यात उत्तर आलं. आयोवा नावाच्या राज्यातल्या एका विद्यापीठाने राहीला पाच वर्षांसाठी घेतलं होतं. राही नाचत माजघरात आली. सावित्रीबाईंनी देवापुढे साखर ठेवली. रावजी चहा पीत होते.

"फी किती?"

"माफ."

"आणि राहायचा-खायचा खर्च?"

"तेच पगार देणार. मी तिथल्या लहान वर्गांना प्रयोग शिकवायचे, त्याचा."

रावजींनी कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. हे त्यांच्या हातून सासरे गेल्याची बातमी आली तेव्हाही झालं नव्हतं.

आता त्यांच्या बाजूने विचार करून बघा. हुंडा नको, मांडव आमचा, जेवणावळ आमची, वर मुलीच्या हातात दर महिन्याला पैसे ठेवतो, असं म्हणणारं स्थळ दारात आलं, तर वाडीतला शहाणा माणूस पहिला प्रश्न कुठला विचारतो? मुलात काय खोट आहे? रावजींनीही तोच विचारला.

"बाबा, तिथं असंच असतं," राही म्हणाली. "सगळ्या चांगल्या विद्यापीठांत संशोधनाच्या मुलांना देतात."

"सगळेच देतात? मग तर टोळी हाय."

पंधरा एप्रिलच्या आत राहीने होकार कळवायचा होता. नाही कळवला तर जागा पुढच्याला. होकाराचं बटण तिच्याच लॅपटॉपवर होतं, ती केव्हाही दाबू शकली असती. पण एवढ्या लांब जायचं ते बापाच्या नकळत, मांजरासारखं कुंपणाखालून जाणं तिला मान्य नव्हतं. ती म्हणाली, "तुम्ही हो म्हणा, मग दाबते."

"चौकशी होऊ दे," रावजी म्हणाले.

स्थळाची चौकशी कशी करायची हे कोकणात कोणाला शिकवावं लागत नाही. मुलाच्या गावी जायचं, पण मुलाच्या घरी जायचं नाही. आधी त्या घराशी ज्याचा संबंध आलाय असा माणूस गाठायचा. रावजींच्या ओळखीत अमेरिकेशी संबंध आलेला एकच माणूस होता, गुहागरचा लवू. तो बोटीवर कामाला, सावित्रीबाईंच्या माहेरच्या ओळखीतला, आणि नेमका रजेवर आलेला. रविवारी रावजी त्याच्या पोफळीच्या बागेत जाऊन बसले.

"लवू, अमेरिका कशी हाय?"

"बंदरापुरती मला माहीत, रावजीभाऊ. बोट लागते, आम्ही मॉलात जातो, साबण-चॉकलेटं घेतो, बोटीवर परत."

"माणसं?"

"चांगली. वळख ना पाळख, बघितलं की हसतात."

रावजी पुढे सरकले. "का?"

लवूने यावर आयुष्यात विचार केला नव्हता. "तशी पद्धतच हाय त्यांची."

"विनाकारण?"

"भाऊ, तुमी पण एकदा हसून बघा. काय होत नाय."

"आयोवाला गेलायस?"

"तिथं समुद्र कुठाय? आमची बोट नाय जात तिकडं."

परतीच्या एसटीत रावजींनी निष्कर्ष काढला: जिथं बोट जात नाही आणि जिथली माणसं कारणाशिवाय हसतात, ते ठिकाण सहज कोणाच्या नजरेला पडू नये असंच बांधलेलं असणार.

मग त्यांनी मोबाईलवर नकाशा उघडला. त्यात बोटाने रस्त्यावरून चालता येतं हे त्यांना गेटवरच्या एका ड्रायव्हरने दाखवलं होतं. रावजी विद्यापीठाभोवती फिरून आले. इमारती मोठ्या, गवत कापलेलं, रस्ते स्वच्छ. पण कुंपण नाही. गेट नाही. एवढी इस्टेट आणि एक वॉचमन नाही! आणि जी दोन-चार माणसं रस्त्यावर दिसत होती त्यांची तोंडं पुसलेली होती. रावजींनी चष्मा पुसला. तोंडं तशीच. उभ्या गाड्यांच्या नंबरप्लेटी, त्याही पुसलेल्या.

"सावित्री, इकडं ये. गाडीचा नंबर कोण पुसतं?"

"चोर," सावित्रीबाई म्हणाल्या. मग विषय काय आहे ते कळल्यावर त्यांनी जीभ चावली, पण पुरावा दाखल झाला होता. तोंडं पुसतात ती माणसांच्या खाजगीपणासाठी, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवरही पुसतात, हे राहीने समजावलं. तिने खेडच्या बाजारपेठेतली पुसलेली तोंडंही दाखवली. "खेडवाल्यांचं मला सांगू नको," रावजी म्हणाले. "त्यांचं कारण वेगळं असणार."

एप्रिल उजाडला. राही रोज सकाळी बापाकडे बघायची आणि बाप आंब्याच्या झाडाकडे बघायचा. शेवटी रावजींनी ते हत्यार बाहेर काढलं, जे त्यांनी आयुष्यात एकदाच वापरलं होतं.

लग्न मोडायला निनावी पत्र टाकणारे पुष्कळ. मुलीला फिट येते, मुलगा मुंबईत कोणाबरोबर तरी राहतो, अशी पत्रं टाकणारा एक तरी हितचिंतक प्रत्येक वाडीत असतोच. पण स्वतःच्याच बहिणीविरुद्ध निनावी पत्र टाकणारे रावजी एकटेच. धाकटी बहीण गोदा हिचं ठरत होतं तेव्हा त्यांनी मुलाकडच्यांना कळवलं होतं, नीट बघून घ्या. हेतू हा, की कच्चं घर असलं तर पत्र वाचून मागच्या मागे पळेल, आणि पक्कं असलं तर पत्र घेऊन समोर येईल. मुलाचा बाप दुसऱ्याच दिवशी पत्र हातात घेऊन अंगणात उभा राहिला, "हे आलंय, काय खरं ते तोंडावर सांगा." रावजींनी तिथल्या तिथे बहीण दिली. गोदाचा संसार उत्तम झाला. असं हमखास औषध घरात असताना ते अमेरिकेला का लावू नये?

दुपारच्या शिफ्टला, गेटच्या केबिनमध्ये बसून, त्यांनी मोबाईलवर नवा ई-मेल पत्ता काढला आणि रोजच्या गेट रिपोर्टच्या इंग्रजीत विद्यापीठाला लिहिलं. मराठीत त्याचा अर्थ असा: "विषय, एका मुलीबाबत. महोदय, सदर मुलगी राही रावजी शिगवण आपल्याकडे येत आहे. सुरक्षेच्या दृष्टीने तिला आत घेण्यापूर्वी पूर्ण तपासणी व्हावी. कागद बरोबर आहेत की नाहीत हे आपले आपण पाहावे. आपला हितचिंतक."

कागद खोटे आहेत असं त्यांनी कुठेही लिहिलं नाही. तेवढं खोटं त्यांच्या हातून झालंच नसतं.

अमेरिका पत्र घेऊन दारात आली, पण तिची यायची तऱ्हा वेगळी होती. राहीला कळवण्यात आलं, की तिच्या अर्जाविषयी एक निनावी सूचना मिळाली आहे. सगळी कागदपत्रं पुन्हा तपासून होईपर्यंत तिचा प्रवेश स्थगित ठेवला आहे. एका अधिकारी बाई व्हिडिओवर तिच्याशी बोलतील. तपासणीत काही खोटं निघालं तर प्रवेश रद्द, आणि मुदतीत तपासणी पुरी झाली नाही तर काय, याबद्दल अवाक्षर नव्हतं.

राही पडवीतल्या झोपाळ्यावर बसली ती बसलीच. सावित्रीबाई मीठ-मिरच्या घेऊन धावल्या आणि तिच्यावरून उतरवू लागल्या. "कोणाचं हे काळं तोंड? कोण जळलं माझ्या पोरीवर?"

रावजी खांबाला टेकून उभे होते. त्यांना आतून गुदगुल्या होत होत्या. आले! पळून नाही गेले, समोर आले! घर पक्कं आहे! आता चार दिवस जाऊ द्यायचे आणि हो म्हणायचं, असा बेत त्यांच्या मनात शिजायला लागला होता, तेवढ्यात राहीने फोन उचलला आणि दीपालीला लावला.

दीपाली ही राहीची एमएस्सीची जोडीदारीण, राहणार खेड. तिनेही तिकडे अर्ज केले होते आणि तिला सगळीकडून नकार आला होता.

"तूच केलंस ना?" राही म्हणाली. "नाही कसं? मग परवा माझी मुदत कधी आहे ते कशाला विचारलंस? आणि मला मिळाल्यावर एवढी हसलीस का? खरं सांग, हसलीस का?"

खांबाला टेकलेले रावजी सरळ झाले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. गेली कित्येक वर्षं तो गेटवर रोज ऐकू येत होता, पण बाहेरून कसा लागतो ते त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं. फोनच्या पलीकडे दीपाली रडत होती, ते पडवीभर ऐकू येत होतं.

"ठेव तो फोन," रावजी म्हणाले. "तिनं नाय केलं."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी केलं."

झोपाळा थांबला. मिरच्या मुठीत धरून सावित्रीबाई मगापासून हवेतला शत्रू शोधत होत्या. तो घरातच सापडल्यावर त्यांनी मूठ नवऱ्याच्या दिशेने मोकळी केली.

"बाबा," राही इतक्या हळू बोलली की रावजींना तिचं ओरडणं परवडलं असतं. "का?"

"घर बघत होतो," रावजी म्हणाले, आणि सदऱ्यावरचं मीठ झटकत राहिले.

सकाळी ते स्वतः खेडला दीपालीच्या घरी गेले आणि तिच्या आईवडिलांसमोर सगळं सांगितलं. दीपालीने डोळे पुसले. "काका, मग माझ्याबद्दल पण एक मेल टाका की कुठंतरी. माझी कोणी चौकशी पण नाय केली हो." आपण होऊन चौकशी मागणारं माणूस रावजींना नवीनच होतं.

व्हिडिओचा दिवस आला. त्यांची सकाळ, आपली दिवेलागण. पडद्यावर वीव्हर नावाच्या बाई आल्या. वय रावजींच्याच आसपास, केस आखूड, चष्मा नाकाच्या टोकावर. आणि लवू काहीही म्हणो, त्या हसल्या नाहीत. रावजींना बरं वाटलं.

राहीने सांगितलं, ते पत्र माझ्या वडिलांनी लिहिलं होतं, ते इथेच बसलेत. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"हे तुझे वडील कशावरून?"

राही गोंधळली. रावजी ताठ बसले. ओळखपत्र दाखवलं. बाईंनी ते कॅमेऱ्याजवळ धरायला लावलं, मग तिरकं करायला लावलं.

"आणि पत्र यांनीच लिहिलं कशावरून? तक्रार मागे घ्यायला तू कोणालाही बसवू शकतेस."

"बरोबर!" रावजी मराठीतच ओरडले. बाई म्हणाल्या, त्याच पत्त्यावरून आत्ता, माझ्यासमोर, मी सांगते तो शब्द लिहून पाठवा. शब्द होता 'पम्पकिन', म्हणजे आपला भोपळा. रावजींनी एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत भोपळा अमेरिकेला पाठवला. बाईंनी तो उघडून पाहिला आणि कुठेतरी नोंद केली.

"का लिहिलं असं?"

रावजींनी मराठीत सांगायला सुरुवात केली. मुलगी द्यायची म्हणजे काय, स्थळ कसं बघतात, गोदाचं काय झालं, कच्चं घर, पक्कं घर. हात हलवून हलवून सांगितलं. राहीचे कान लाल झाले होते. तिने इंग्रजीत एवढंच सांगितलं, "त्यांना माझी काळजी वाटत होती."

बाई पुढे झुकल्या. "ते खूप वेळ बोलले. तू एकच वाक्य सांगितलंस. उरलेलं कुठे गेलं?"

रावजींनी ते आवाजावरूनच ओळखलं. "सगळं सांग," ते राहीला म्हणाले. "बाईंपासून लपवायचं नाय."

राहीला सगळं सांगावं लागलं. एका परदेशी विद्यापीठाला तुम्ही आमच्या घरी आलेला नवरा मुलगा आहात, हे सभ्य इंग्रजीत कसं सांगायचं याची कुठलीही परीक्षा तिने दिलेली नव्हती. बाईंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर विचारलं, "मग चौकशीत काय आढळलं?"

"सांग त्यांना," रावजी म्हणाले, "फसवणाऱ्याला नेहमी घाई असते. लवकर सही कर, लवकर पैसे भर. ह्या बाई मला एक तास उभा-आडवा तपासतायत. चोर एवढी मेहनत घेत नाय." मग ते थांबले आणि आवाज उतरला. "आणि माझा पण एक प्रश्न हाय म्हणून सांग. तिथं गेट नाय, मी बघितलंय. आत गेलेलं माणूस बाहेर कधी येतं?"

राहीने बापाकडे पाहिलं. या वेळी तिने एकही शब्द गाळला नाही.

वीव्हरबाईंनी चष्मा काढून हातात घेतला. "उन्हाळ्यात सुट्टी असते," त्या म्हणाल्या. "तिकीट काढलं की येते. पुढचं आम्ही सांगू शकत नाही. माझी मुलगी तीन रस्ते सोडून राहते, तिचंही मी सांगू शकत नाही." मग पुन्हा चष्मा नाकावर सरकला. कागद त्या राहीच्या विद्यापीठाकडून थेट पडताळून घेणार होत्या; तोपर्यंत स्थगिती कायम. बापाच्या शब्दावर काही सुटणार नव्हतं.

"सोडू पण नये," रावजी म्हणाले.

पुढचे दिवस घरात कोणी कोणाशी फारसं बोललं नाही. राहीने रत्नागिरीला खेपा घालून विद्यापीठाच्या तिथल्या कचेरीतून उत्तर वेळेत जाईल असं पाहिलं. रावजी गेटवर उभे राहत, पण डबे उघडताना त्यांचं लक्ष नसे. एकाने डब्यात मुद्दाम कंपनीचा पाना घालून दाखवला तरी "जा" म्हणाले. कामगार घाबरले.

मुदतीच्या आदल्या संध्याकाळी स्थगिती उठल्याचं कळलं. कागद खरे निघाले होते. राहीने लॅपटॉप बापासमोर ठेवला. रावजींनी सगळं पान वरपासून खालपर्यंत वाचून घेतलं, मग खालपासून वर.

"हो," ते म्हणाले.

राहीने बटण दाबलं. सावित्रीबाई स्वयंपाकघरात न जाता तिथेच हसल्या आणि पदर खोचून वाडीत सांगायला निघाल्या. रावजी दारात आडवे आले.

"आत्ताच कोणाला सांगू नको. व्हिसा व्हायचाय. पोर विमानात बसेपर्यंत तोंड बंद. लोकांचा काय भरवसा? कोण कुठं काय लिहून टाकेल."

सावित्रीबाईंनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग खालपासून वर.

"लोकांचं सोडा," त्या म्हणाल्या. "तुमचा मोबाईल आणा इकडं."

"कशाला?"

"पोर विमानात बसेपर्यंत माझ्याकडं ऱ्हाईल."

रावजींनी राहीकडे पाहिलं. राहीने हात पुढे केला होता. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून मोबाईल काढून तिच्या हातावर ठेवला आणि ते आत वळले.

"थांबा," राही म्हणाली. "दुसरा खिसा."

रावजींनी दोन्ही हात वर केले.